न सुधारलेला फोटो

१२ जानेवारी

प्रिय छोटीस,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता तुझ्या भाचीच्या हातून लिहून घेतला आहे. फसवलं म्हण हवं तर. पण आता उघडलंच आहेस, तर वाचून टाक.

चार वर्षांत मी तुला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस. चौथ्यांदा मी केला नाही. थोरली म्हणून मला सगळं बसल्या जागी मिळत आलं, त्यामुळे तीनदा म्हणजे मला फारच झालं.

इकडे सगळे मजेत. तुझे भावोजी जिना चढताना गुडघ्याशी दोन शब्द बोलतात, बाकी ठणठणीत. तुझी भाची सोळा वर्षांची झाली, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. मी त्याच फोटो स्टुडिओत, त्याच मागच्या खोलीत, पडदा ओढून कॉम्प्युटरपुढे. बावीस वर्षं लोकांचे फोटो सुधारते आहे. सुरकुत्या काढ, डाग काढ, दोन हनुवट्यांची एक कर. लोक खूश होऊन जातात.

सध्या सुट्टीवर आहे. दाढ दुखते आहे. तोंड सुजलंय म्हणून बाहेर पडत नाही, इतकंच. घरात बसून कपाटं आवरून झाली, डबे घासून झाले, आणि मग तू आठवलीस. डब्यांच्या नंतर आठवलीस असं समजू नकोस. आधीपासूनच आठवत होतीस, डबे घासताना जरा जास्त.

अजून पोहायला शिकवतेस ना?

ताई


२१ जानेवारी

छोटे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण तुझ्याकडे एक खोटं पाठवून बसले आहे, ते परत घेते. दाढ वगैरे काही दुखत नव्हती.

तीन तारखेला सकाळी दात घासून चूळ भरली, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. मला वाटलं, झोप उडाली नाही अजून. पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. मग आरशात बघितलं. उजवीकडे मी होते. डावीकडे कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. भुवई खाली, गाल खाली, ओठाचं टोक खाली. डोळा मिटायला गेले तर उजवा मिटला आणि डावा टक लावून बघत राहिला.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेक बरं होईल, पण महिने लागतील. मी काय विचारलं माहीत आहे? बरं होईल ना, असं नाही. मी विचारलं, "लोकांना किती दिसेल?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागदावर लिहायला लागले.

घरातल्या तिन्ही आरशांवर मी चादरी टाकल्या. डावा डोळा मिटत नाही म्हणून त्यात थेंब घालायचे, झोपताना चिकटपट्टी लावायची. बोलताना प, ब, भ फुसकन निसटतात. तुझे भावोजी म्हणाले, "जरा तिरकं बोलतेस खरं, पण ते तू आधीही बोलायचीस." मला हसू आलं, म्हणजे उजवीकडे आलं. ते बघून त्यांचा चेहरा पडला. त्यानंतर मी हसायचं बंद केलं.

स्क्रीनवर असता तर हा चेहरा पाच मिनिटांचं काम होतं. उजवी बाजू उचलायची, उलटी करायची, डावीकडे चिकटवायची. हे मनात येतं आणि हात खरंच माऊस शोधतो.

तुला हे का सांगते आहे ते मलाच नीट कळत नाही. दया यावी म्हणून नाही. निदान मला तरी तसं वाटतं.

ताई


९ फेब्रुवारी

छोटे,

आठवड्यातून दोनदा मी फिजिओथेरपीला जाते. तिथली बाई तुझ्यापेक्षाही लहान असेल, पण हुकूम सोडते शाळेतल्या मोठ्या बाईंसारखे. तिने पहिलं काय सांगितलं, तर घरी जाऊन चादरी काढा. व्यायाम आरशासमोरच करायचे, रोज वीस मिनिटं. भुवया वर, डोळे घट्ट, नाक मुरडा, गाल फुगवा, ओठांचा चंबू. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यात डोकं घालून बसलेली मी, स्वतःचा चेहरा सलग वीस मिनिटं कधी बघितलाच नव्हता गं. केस विंचरताना केस बघायचे, टिकली लावताना टिकली.

परवा तिच्यासमोर गाल फुगवत होते आणि हवा फुर्र करून डावीकडून निघून गेली. मी पुटपुटले, "काय ध्यान आहे! रस्त्यात दिसले तर पोरं घाबरतील."

तिने ऐकलं. म्हणाली, "हे तुमच्या बहिणीला झालं असतं, तर तिला असं बोलला असतात का?"

बिचारीने चांगल्या मनाने विचारलं. बहुतेक सगळ्या बायकांना ती हेच विचारत असणार आणि बहुतेक सगळ्या "छे छे, तिला कशाला असं बोलेन" म्हणत असणार. मी म्हटलं, "बोललेय. याहून वाईट बोललेय. तिला तर काही झालंही नव्हतं."

तिने पुन्हा गाल फुगवायला लावले. मी फुगवले.

छोटे, आता लिहितेच. तुला 'ढोली' हे नाव मी ठेवलं. आईने नाही, शेजारच्यांनी नाही. तू सात वर्षांची होतीस, मी अकरा. मी ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सगळे हसले आणि मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. जेवताना तू पुन्हा मागितलंस की आई आधी माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की वाढायची, नाहीतर भांडं झाकायची. आईला वाटायचं, थोरलीला समजतं. मला काय समजत होतं? तुझी भूक मी माझ्या मानेने ठरवत होते.

आणि तो फोटो. तुला तलावावर मुख्य प्रशिक्षक केलं, दारावर फोटो लावायचा होता, तू विश्वासाने माझ्याकडे पाठवलास. मी तुझे दंड निम्मे केले. खांदे आत घेतले, मान लांब केली, गालावरचा तीळसुद्धा काढला. मूळ फोटो ठेवलाही नाही, काम झालं की मूळ पुसायची मला सवय. तुला भेट दिली असं वाटत होतं मला! मग तुझा तो फोन. तू दारात उभी होतीस, तुझ्याच फोटोखाली, आणि नाव घालायला आलेल्या एका बाईने तुलाच विचारलं, "या मॅडम आज आल्या नाहीत का?"

तू फोनवर रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "ताई, तू मला माझ्याच दारातून बाहेर काढलंस." आणि मी तुला सांगितलं की तू उगाच मनाला लावून घेतेस.

फिजिओच्या बाईने मला नवा अभ्यास दिला आहे. आरशात जे दिसतं ते मोठ्याने सांगायचं. छान नाही म्हणायचं, घाण नाही म्हणायचं, फक्त काय आहे ते. म्हणून सकाळी मी म्हणते, डावी भुवई खाली आहे. डोळ्यात पाणी आहे. नाकपुडी हलत नाही. कपाळावर उजवीकडे तीन रेघा आहेत, डावीकडे नाहीत. (डावीकडच्या गेल्या की! फुकटात.) फार अवघड जातं गं. तिसऱ्या वाक्याला जीभ शिवी शोधायला लागते.

काल डावी भुवई किंचित थरथरली. मी तेवढंच म्हटलं, "थरथरली." आणि तिथेच मोरीत उभी राहून रडले. रडताना मात्र दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी येतं.

ताई


४ मार्च

छोटे,

आज तुझ्या भाचीबद्दल.

घरातला लॅपटॉप आम्ही दोघी वापरतो. मी स्टुडिओची एक फाईल शोधत होते आणि 'अभ्यास' नावाच्या फोल्डरवर बोट पडलं. आत एक्केचाळीस फोटो. सगळे तिचेच, दीड वर्षातले. आणि प्रत्येकात ती थोडी थोडी कमी होत गेलेली.

काम कुणाकडून शिकली ते सांगायला नकोच. लहानपणी माझ्या मांडीवर बसून बघायची. कंबर आत ढकलताना मागे दार असलं तर दाराची चौकट वाकते, नवशिक्याची हीच चूक होते, हे मीच तिला दाखवलं होतं. तिच्या पहिल्या फोटोंत चौकट केळीसारखी वाकली आहे. मधल्यांत थोडी. शेवटच्या दहा फोटोंत चौकट सरळसोट. पोरीचा हात बसला. एरवी मला अभिमान वाटला असता.

मी लॅपटॉप बंद केला, भाजी चिरायला घेतली, आणि ती शाळेतून आली तेव्हा हातात अजून पहिलाच बटाटा होता. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लॅपटॉपकडे.

"सापडलं ना तुला?"

"हो."

"ओरडणार आहेस?"

"नाही. कशासाठी करतेस, एवढं सांग."

ती बराच वेळ दप्तराचा पट्टा ओढत बसली. मग उठली आणि मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. भिंतीवर तिचे फोटो आहेत ना, पहिल्या वाढदिवसापासूनचे. एकेकावर बोट ठेवत म्हणाली, "आई, यातला एकही तू आहे तसा ठेवलेला नाहीस. हा बघ, इथे मी सहा वर्षांची आहे. माझा पुढचा दात पडला होता. तू भरलास. मला आठवतंय, त्या पडलेल्या दाताचं मला किती कौतुक होतं."

मी त्या भरलेल्या दातावर बोट ठेवून बघितलं.

मग मी सुरू झाले. मी आई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही, मी तुझं वाटोळं केलं, मावशीचं केलं ते पुरलं नाही, देवाने तोंड वाकडं केलं ते बरंच केलं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "झालं का? आता तू स्वतःला शिव्या घालणार, रडणार, आणि मग मला तुझी समजूत काढावी लागणार. माझं राहिलंच."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण खरं होतं. मला वाटायचं, स्वतःला झोडपलं की माफी मागितल्यासारखं होतं. त्यात समोरच्याला काहीच मिळत नाही. मी तोंड धुतलं. आरशात बघितलं आणि जे होतं ते म्हटलं, "चूक झाली. बावीस वर्षं झाली. आज कळली." याच्या पुढे काही जोडायचं नाही असं ठरवलं आणि बाहेर येऊन तिच्याशेजारी बसले. मग ती बोलली. तासभर बोलली. ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. वर्गातल्या मुली, तिच्या मांड्या, आरसे, एवढंच सांगते. तुला पुढचं कळेल, माझ्यापेक्षा जास्त कळेल.

शेवटी मी तिला म्हटलं, माझा एक फोटो काढ. ती म्हणाली, "उजवीकडून घेऊ?" म्हटलं, समोरून घे. तिने दोनदा मोबाईल खाली घेतला, तिसऱ्यांदा काढला.

सोबत पाठवला आहे. कुणीही हात लावलेला नाही. ओठ डावीकडे खाली आहे, डोळा मोठा दिसतो, गळ्याखाली कातडी लोंबते आहे, हे मलाही नवीन होतं. एकोणपन्नास वर्षांची बाई आहे. मागे दार आहे.

छोटे, तुझी माफी मागते. कारण सांगत नाही, ते तुला माहीत आहे.

ताई


२३ मार्च

छोटे,

तुझं पत्र पोचलं. अर्ध्या पानाचं, आणि मी ते इतक्यांदा वाचलं की तुझे भावोजी म्हणाले, "परीक्षा आहे का?"

'फोटो मिळाला. डोळ्यात थेंब वेळेवर घाल, आळस करू नकोस' एवढं वाचूनच मी बसले खाली. पुढचं उभ्याने वाचण्यासारखं नव्हतंच.

'झालं गेलं विसरून जा असं मी लिहिणार नाही, मी विसरलेले नाही. त्या दिवशी मी पाण्यात उतरले नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल आणून तो फोटो स्वतः काढला आणि मग उतरले. तुझा आवाज अजून डोक्यात येतो, कपडे घालताना हमखास. आधी मी त्याच्याशी भांडायचे. आता म्हणते, ताई बोलते आहे, बोलू दे, आणि केस बांधून कामाला लागते. पोरीला सुट्टीत माझ्याकडे पाठव. तुला यायचं असेल तर तूही ये. पण काठावर बसायला येऊ नकोस.'

तू हे लिहिलंस याचं मला बरं वाटलं. गोड लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला नसता.

पोरीला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य ऐकून ती मोठ्याने हसली. "आई, कॉश्च्युम!" म्हणाली. आम्ही दुकानात गेलो. तिथल्या मुलीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून सगळ्यात मोठा आकार काढला, आणि तो मला बरोबर बसला. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण बाहेर ऊन फार होतं आणि दोघींना भूक लागली होती, त्यामुळे राहूनच गेलं.

सोमवारपासून स्टुडिओत रुजू झाले. मालकांना सांगितलं की यापुढे लहान मुलांच्या फोटोंना मी हात लावणार नाही, आणि मोठ्यांनाही आधी विचारीन, काय काढायचं ते तुम्ही बोट ठेवून सांगा. मालक म्हणाले, गिऱ्हाईक जाईल. काही गेलंही. पण काल एक बाई आल्या, मी विचारलं, त्यांनी स्वतःचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "राहू दे की, काय वाईट आहे." फोटो घेऊन गेल्या.

दहा एप्रिलला निघतो.

ताई


२९ एप्रिल

छोटे,

सुखरूप पोचलो. तुझी भाची अजून तुझ्याच गोष्टी सांगते आहे. 'मावशी म्हणते, पाण्याला वजन कळत नाही, पाण्याला फक्त घाई कळते.' दिवसातून चार वेळा ऐकते. तिला पुढच्या सुट्टीतही यायचं आहे, तिने मला विचारलं नाही, कळवलं.

तुझ्या-माझ्यात पहिले दोन दिवस जे अवघडलेपण होतं, ते मी उगाच भरून काढायला बघितलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू माझ्या ताटात वाढताना थांबलीस आणि विचारलंस, "अजून?" मी हो म्हटलं. तू वाढलंस. त्यावर आपण दोघीही काही बोललो नाही, ते बरं केलं.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. पहिल्या दिवशी तू आणि पोर पुढे पाण्यावर गेलात, आणि मी कपडे बदलायला जी गेले ती अर्धा तास आलेच नाही. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, चप्पल सापडत नव्हती. चप्पल पायातच होती.

मी कॉश्च्युम घालून आतल्या खोलीत कडी लावून उभी होते. बाहेर तुझ्या वर्गातल्या बायकांचा गलबला, नळ वाहतायत, कुणीतरी साबण मागतंय. माझी मागची चेन अर्ध्यातच अडकली होती, हात पोचत नव्हता. मांड्यांवर काटा आला होता. आणि डोक्यात माझाच आवाज. तुला ऐकू येतो तोच. तो म्हणत होता, कपडे घाल आणि घरी जा, तुझ्या वयाला आणि अंगाला हे शोभत नाही. मी त्याला आरशातल्यासारखं उत्तर द्यायला बघितलं. हात थंड आहेत, म्हटलं. पाय थंड आहेत. भीती वाटते आहे. एवढ्या बायकांत कुणालाही वाटेल. हे शेवटचं वाक्य आपोआप आलं, छोटे. मी स्वतःला असं काही याआधी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "अहो, आत कुणी राहायला आलंय का? आम्हालाही बदलायचंय."

मी कडी काढली. समोर एक म्हातारी, सत्तरीची तरी असेल, केस टोपीत कोंबलेले. तिने माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं. "तोंडाला काय झालं?"

"नस सुजली होती. बरं होतंय."

"हं. माझा गुडघा," असं म्हणून ती पाठ करून उभी राहिली. "जरा ही चेन ओढून द्या. माझा हात नाही जात."

मी ओढायला लागले. चेन घट्ट होती, म्हणून डाव्या हाताने तिची पाठ आत धरून उजव्याने हळूहळू वर घ्यावी लागली. पाठीवर वळ्या होत्या, चामखिळी होत्या, खांद्याजवळ एका जुन्या टाक्यांची लांब रेघ होती. कातडी मऊ आणि ऊबदार. ती चेनमध्ये सापडू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. यातलं काय काढायचं, काय पुसायचं, हे मनात आलंच नाही. ते लक्षात आलं परतीच्या बसमध्ये, दोन आठवड्यांनी.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाही हो. हलका हात आहे तुमचा," ती म्हणाली, आणि तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझी अर्धवट अडकलेली चेन तिला दिसली असावी.

"वळा," म्हणाली. "तुमचीही ओढून देते."

मी वळले.

तुझी,
ताई